सात सेंटिमीटर कमी पडलेलं रबर

गाडीच्या काचेचं जुनं रबर काढायला फार कौशल्य लागत नाही. बाहेरच्या ओठावरून ब्लेड फिरवायचं, आतून एकाने तळहातांनी काच हळूहळू ढकलायची आणि बाहेर दुसऱ्याने ती झेलायची. गेल्या मे महिन्यात चंदगडला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आतून ढकलत होतो आणि बाबा बाहेर झेलत होते. गाडी १९९८ ची महिंद्रा कमांडर. तिच्याकडे बघून बाबांनी मला दोन दिवस आधीच अट घातली होती. "पावसाआधी पाणी थांबलं तर ठेवू. नाही तर गणपतीआधी भंगारवाल्याला देऊन टाकू. त्याने पंचेचाळीस हजार म्हटलंय."

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. माझ्या इंजिनीअरिंगची फी या गाडीच्या वडापवर भरली गेली. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी: एसटी दिवसातून दोनदाच येते अशा गावांना जीपमध्ये जेवढी माणसं बसतील तेवढी, आणि शिवाय जेवढी लटकतील तेवढी, घेऊन जाण्याच्या धंद्याला आमच्याकडे वडाप म्हणतात. सुरुवातीला गाडीला कापडी टप होता. चंदगडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कापडी टपाचं जूनमध्ये काय होतं ते सांगायला नको. लोक भिजायला नको म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसायला लागले, तेव्हा २००५ मध्ये आईच्या पाटल्या गहाण ठेवून बाबांनी एका बॉडीवाल्याकडून पत्र्याचा हार्डटॉप करून घेतला. दोन्ही बाजूंना लांब बंद काचा, मागे एक काच. तिसऱ्या पावसाळ्यात काचांच्या कोपऱ्यांतून पाणी यायला लागलं. पाटल्या कधी सुटल्या नाहीत. आई आजही म्हणते, "माझ्या पाटल्या पाण्यात गेल्या." हा विनोद आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

बॉडीवाल्याने फसवलं, असं आईचं मत. उन्हाने रबर गेलं, त्याला कोण काय करणार, असं बाबांचं. हा वाद आमच्या घरात वीस वर्षं चालू आहे.

तर, काच बाहेर आली. मी रबराची पट्टी टेबलावर सरळ ठेवली आणि मोजली. काचेचा घेर दोनशे साठ सेंटिमीटर, पट्टी दोनशे त्रेपन्न. पट्टीवर तडे होते आणि सगळे आडवे, लांबीला काटकोनात, एकाशेजारी एक, एखाद्याने ब्लेडने रेघा मारल्यासारखे. बाहेरचा ओठ मात्र तडकलेला नव्हता. तो फुगून मऊ झाला होता, बोटाला काळा चिकटत होता. एकाच पट्टीला दोन वेगवेगळे आजार.

आता बग सापडला की त्याच्या मुळाशी जायची सवय लागलेल्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. रात्री मोबाइल घेऊन बसलो आणि जीपच्या रबरावरून थेट अठराव्या शतकात गेलो.

'रबर' हा शब्दच मुळात खोडण्यावरून आला. १७७० मध्ये जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाने नोंदवलं की या पदार्थाने घासलं की पेन्सिलीची रेघ पुसली जाते. इंग्रजीत घासण्याच्या क्रियापदावरून वस्तूचं नाव पडलं. आपण मराठीत त्याला आणखी एकदा 'खोड' जोडून खोडरबर केलं, म्हणजे खोडायचं खोडणं. असो. पुसायला ते उत्तम होतं, पण दुसऱ्या कशालाच धड नव्हतं. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये नॅफ्थात विरघळवलेलं रबर भरून पावसाळी कोटाचं कापड बनवलं. कोट उन्हाळ्यात चिकट व्हायचे, थंडीत पुठ्ठ्यासारखे कडक व्हायचे, आणि वास मारायचे तो वेगळाच. माझ्या टेबलावरची पट्टी एकाच वेळी कडक आणि चिकट होती, त्यामुळे त्या कोटवाल्यांशी मला लगेच जवळीक वाटली.

कच्च्या रबराचे रेणू म्हणजे शिजवलेल्या शेवयांचा गुंता. ताणलं की शेवया एकमेकींवरून घसरतात. त्यांना जागोजागी गाठी मारल्या तर ताणल्यावर त्या परत जागेवर येतील. ही गाठ म्हणजे गंधक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक मिसळलेलं रबर तापवल्यावर ते वितळण्याऐवजी चामड्यासारखं टिकाऊ होतं असं दिसलं. गरम शेगडीवर चुकून तुकडा पडल्याची गोष्ट सगळीकडे सांगतात. ती खरी असो वा नसो, त्याआधीची काही वर्षं हा माणूस कर्जापायी तुरुंगाच्या वाऱ्या करत रबरच शिजवत होता हे खरं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉकने गुडइयरच्या नमुन्यांचे तुकडे पाहिले, स्वतः प्रयोग केले आणि १८४३ च्या अखेरीस गुडइयरच्या काही आठवडे आधी तिथलं पेटंट मागितलं. 'व्हल्कनायझेशन' हे नाव हॅन्कॉकच्या मित्राने रोमन अग्निदेवावरून सुचवलं. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानावर 'वल्कनायझिंग' असं रंगवलेलं असतं, तो हाच देव. गुडइयर १८६० मध्ये वारला तेव्हा डोक्यावर प्रचंड कर्ज होतं. टायरवर ज्याचं नाव वाचता ती कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली, तिचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि या दोघांच्याही आधी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या लोकांनी रबराच्या चिकात गारवेलीच्या कुळातल्या एका वेलीचा रस मिसळून उसळणारे चेंडू बनवले होते, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी. त्यांनी पेटंट घेतलं नव्हतं.

इथवर वाचून मी खुश होतो. शोधांच्या गोष्टी वाचताना छान वाटतं. मग काँगो आला.

१८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर काढला, सायकलींचं वेड पसरलं, मागोमाग मोटारी आल्या आणि रबराचा भाव चढला. तेव्हा मळे जवळपास नव्हतेच, रबर जंगलातून गोळा व्हायचं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्याकडे १८८५ पासून आफ्रिकेतला एक अवाढव्य मुलूख होता. बेल्जियमचा नव्हे, त्याच्या स्वतःच्या मालकीचा. त्याचं नाव काय, तर 'काँगो मुक्त राज्य'. तिथल्या जंगलात चीक देणाऱ्या वेली होत्या. प्रत्येक गावाला किती रबर आणायचं याचा कोटा लावला. बायकांना ओलीस ठेवायचं आणि पुरुषांना जंगलात पाठवायचं. कोटा भरला नाही तर सैनिक यायचे. सैनिकांनी काडतुसं शिकारीत उडवू नयेत म्हणून वरिष्ठ हिशेब मागायचे. खर्ची पडलेल्या गोळीमागे मारलेल्या माणसाचा उजवा हात आणून दाखवायचा. गोळी दुसरीकडे खर्च झाली असेल तर जिवंत माणसाचा हात कापून हिशेब जुळवायचा.

मी नोकरीत रोज हिशेब जुळवण्याचेच प्रोग्रॅम लिहितो. ही ओळ वाचल्यावर मी मोबाइल उलटा ठेवला आणि थोडा वेळ शेडमध्ये जाऊन बसलो.

या प्रकाराला वाचा फुटली तीही एका कारकुनामुळे. एडमंड मोरेल लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत कामाला होता. काँगोच्या मालाची वाहतूक तिच्याकडे होती. कामानिमित्त अँटवर्पच्या धक्क्यावर जाता-येता त्याने कागद पाहिले. येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरलेली. जाणाऱ्या जहाजांत मुख्यतः बंदुका, काडतुसं आणि अधिकारी. येणाऱ्या मालाची किंमत म्हणून जायला हवा असा व्यापाराचा माल जवळजवळ नाहीच. व्यापार असेल तर दोन्ही बाजूंनी माल हवा. इथे एका बाजूने रबर येतंय आणि दुसऱ्या बाजूने गोळ्या जातायत, तर मधे काय चाललं असेल? काँगोत पाऊल न टाकता, नुसत्या नोंदींवरून त्याने ओळखलं की तिथे गुलामगिरी आहे. १९०१ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि पुढची कित्येक वर्षं हेच लिहीत राहिला. १९०४ मध्ये ब्रिटिश वकील रॉजर केसमेंटचा अहवाल बाहेर आला. त्याच वर्षी अ‍ॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेला एक फोटो आहे. न्साला नावाचा माणूस ओट्यावर बसलाय आणि समोर ठेवलेला आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा हात आणि पाय बघतोय. मार्क ट्वेनने १९०५ मध्ये लिओपोल्डच्या तोंडी एक उपरोधिक स्वगत घातलं, त्यात राजा तक्रार करतो की या कोडॅक कॅमेऱ्यालाच तेवढी लाच देता आली नाही. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारच्या ताब्यात द्यावा लागला.

जंगली रबराचा जमाना संपला तो मात्र कोणाला दया आली म्हणून नाही. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून हेविया झाडाच्या सत्तर हजारांच्या आसपास बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. त्यातल्या तीन हजारांहून कमी रुजल्या. त्यांची रोपं सिलोनला आणि सिंगापूरला गेली, आणि पुढच्या चाळीस वर्षांत मलाया, सुमात्रा, सिलोन इथे मळेच मळे झाले. मळ्याचं रबर स्वस्त पडायला लागलं, एवढंच. केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाडला १९०२ मध्ये पहिला व्यापारी मळा लागला.

सगळ्या जगाचं रबर असं एका कोपऱ्यातून यायला लागलं. एकाच सर्व्हरवर सगळं चालवलं की काय होतं ते आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही माहीत असतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला जपानने सिंगापूर घेतलं, मार्चमध्ये डच ईस्ट इंडीज गेलं, आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा नव्वद टक्के पुरवठा थांबला.

आमच्या कमांडरची पणजी नेमकी त्याच काळातली. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या चारचाकी गाडीसाठी निविदा काढली. नमुना एकोणपन्नास दिवसांत हवा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या छोट्या कंपनीने तो २३ सप्टेंबरला दिला. पुढे मोठं काम विलीज आणि फोर्ड यांना गेलं आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. या जीपला बाजूला काचा नव्हत्या. पुढची काच होती, तीही बॉनेटवर आडवी पाडता यायची. दारं नाहीत, टप कापडी. पावसात भिजणं हा तिचा दोष नव्हे, तिची रचनाच तशी होती. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सैनिक तिकीट काढून बसत नव्हते."

पण टायर तर हवेच होते. अमेरिकेत जानेवारी १९४२ मध्ये सगळ्यात आधी रेशनिंग झालं ते टायरचं. जूनमध्ये रूझवेल्टने लोकांना जुनं रबर पेट्रोल पंपावर आणून द्यायला सांगितलं, पौंडाला एक सेंट. लोकांनी पाण्याच्या नळ्या, बूट, बाथरूमच्या मॅट, जे सापडेल ते दिलं, साडेचार लाख टनांच्या आसपास. त्यातलं फारसं उपयोगी पडलं नाही. गाड्यांना ताशी पस्तीस मैलांची मर्यादा घातली आणि देशभर पेट्रोलचं रेशनिंग केलं. पेट्रोल कमी होतं म्हणून नव्हे, गाड्या कमी फिरल्या म्हणजे टायर कमी झिजतील म्हणून! मग सरकारने रबर कंपन्यांना एकमेकांपासून कृती लपवणं बंद करायला लावलं आणि ब्युटाडीन-स्टायरीनपासून कृत्रिम रबराचे कारखाने उभे केले. १९४५ पर्यंत ते वर्षाला सात लाख टनांहून जास्त रबर काढत होते.

जर्मनीकडे हे तंत्र आधीपासून होतं, त्याचं नाव बुना. त्यांनी बुनाचा एक मोठा कारखाना बांधायला घेतला तो ऑश्विट्झजवळ मोनोविट्झला, छावणीतल्या कैद्यांकडून. हजारो माणसं तिथे मेली. प्रिमो लेव्ही हा इटालियन रसायनशास्त्रज्ञ तिथलाच कैदी. त्या कारखान्यातून बुना रबराचा एक किलोसुद्धा कधी बाहेर पडला नाही.

युद्ध संपलं आणि त्याच वर्षी, १९४५ मध्ये, के. सी. महिंद्र आणि जे. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 'महिंद्र अँड मोहम्मद' काढली. के. सी. युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते, जीप त्यांनी तिथेच पाहिलेली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये नावातला दुसरा शब्दही 'महिंद्र' झाला. मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीप बनू लागली, आणि तिच्यातच थोडंथोडं बदलत, लांब करत, डिझेल इंजिन बसवत पन्नास वर्षांनी आमची कमांडर झाली. तिच्यावर पत्र्याचा टप चढवणं हे चंदगडच्या पावसाने घातलेलं कलम.

आता त्या आडव्या तड्यांकडे येतो. नैसर्गिक रबराच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात. जमिनीलगतच्या हवेत अगदी नगण्य असा ओझोन असतो, दहा कोटी भागांत चार-दोन भाग. तो त्या बंधांवर बसतो आणि साखळी तोडतो. रबर सैल असेल तर वर एक पापुद्रा धरून हे थांबतं. ताणलेलं असेल तर तडा उघडतो, आत ताजं रबर मिळतं, पुन्हा तडा. तडे नेहमी ताणाला काटकोनात जातात. म्हणजे आमची पट्टी लांबीच्या दिशेने ताणून बसवली होती. मीटरवर मिळणारं रबर बसवताना उलट दीड-दोन सेंटिमीटर जास्त ठेवून, दाबत दाबत घालायचं असतं. बॉडीवाल्याने प्रत्येक काचेमागे चार बोटं रबर वाचवलं. ते हळूहळू आखडलं, कोपऱ्यात सांधा उघडला, पाणी आत गेलं आणि पत्र्याची कड आतून गंजत राहिली. आईचं म्हणणं खरं होतं.

पण बाहेरच्या ओठाचा चिकटपणा? तो ओझोनने होत नाही. नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं आणि कुजल्यासारखं होतं. आणि दर खंडेनवमीला बाबा गाडी धुऊन काचांची सगळी रबरं जळक्या ऑइलच्या फडक्याने पुसायचे. काळी, चकचकीत व्हायची. मला आठवतंय, लहानपणी ते फडकं धरायचा मान माझा असायचा. वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून ते रबर मारलं होतं.

मी बाबांना फक्त सात सेंटिमीटरचं सांगितलं.

कामाचं थोडक्यात सांगतो. कडेचा गंज ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढला, दोन ठिकाणी भोकं पडली होती तिथे वेल्डरकडून पट्टी मारून घेतली, वर रेड ऑक्साइड, वर रंग. नवीन रबर बेळगावहून आणलं, ईपीडीएमचं. इथिलीन आणि प्रोपिलीन जोडून हे रबर बनतं, झीग्लर आणि नाट्टा यांच्या उत्प्रेरकांमुळे ते शक्य झालं (दोघांना १९६३ मध्ये नोबेल मिळालं). त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, म्हणून ओझोनला पकडायला काही सापडत नाही. आज बहुतेक गाड्यांच्या दार-खिडक्यांना हेच असतं. पण तेलाचं वावडं यालाही आहेच.

पट्टी आधी काचेवर चढवायची. आतल्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून टोकं खाली लोंबती ठेवायची. सगळीकडे साबणाचं पाणी. मग काच बाहेरून चौकटीला टेकवून एकाने दाबायची आणि आतून दुसऱ्याने दोरी ओढत जायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून उलटून आत येतो. या वेळी बाबा आत होते. पहिल्या काचेला दीड तास लागला, तिसरीला वीस मिनिटं. आईने पाइपने पाणी मारलं. तिने जरा जास्तच वेळ मारलं. आत थेंब आला नाही. भंगारवाल्याचा फोन बाबांनी माझ्यासमोर घेतला आणि "बघू दिवाळीनंतर" म्हणाले, म्हणजे नाही.

ऑगस्टमध्ये सुट्टी काढून गेलो तेव्हा बाबा म्हणाले, तिलारी घाट उतरू. धुकं एवढं की पुढच्या वळणाचा अंदाज हॉर्नवर. दोडामार्गच्या बाजूला खाली उतरलो तर रस्त्याकडेच्या डोंगरावर रबर. केरळातून आलेल्या लोकांनी इथे गेल्या काही दशकांत मळे लावलेत, आणि त्यासाठी पूर्वीचं मिश्र जंगल कितीतरी ठिकाणी तोडलं गेलंय. रांगेत एकसारखी झाडं, खोडावर तिरकी चीर, तारेने अडकवलेली वाटी. प्रत्येक झाडाला चिरेच्या वर प्लास्टिकचा घागरा बांधलेला. मी गाडी थांबवली. एक कामगार होता, त्याने सांगितलं की पाणी खोडावरून ओघळून वाटीत गेलं तर चीक वाहून जातो, म्हणून पावसात हे बांधावं लागतं, वरची कड डांबरासारख्या लेपाने बंद करावी लागते. बाबा खाली उतरून तो लेप बोटाने दाबून बघत बराच वेळ उभे होते. "ह्यालाही सांधा आहेच की," म्हणाले.

खंडेनवमीला घरी पोचलो तर गाडी धुऊन झाली होती. झेंडूचा हार होता, बॉनेटवर हळद-कुंकू होतं. बाबा हातात फडकं घेऊन उभे, पायाशी ऑइलचा जुना डबा. मी चपला काढायच्या आधीच म्हणालो, "बाबा, नव्या रबराला तेल चालत नाही. साबणाच्या पाण्याने पुसायचं फक्त."

"नव्याला?"

"हो."

त्यांनी फडक्याकडे बघितलं, मग काचेकडे. "आणि जुन्याला?"

मी काही बोललो नाही. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा उचलून शेडच्या कोपऱ्यात पोत्यामागे ठेवला. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता.

"आईला सात सेंटिमीटरचं सांग," ते हळूच म्हणाले. "तेलाचं राहू दे."